गाळे बांधले, बाजार कुठे आहे?

मराठीत बाजार भरतो आणि बाजार उठतो. बाजार ‘बांधला’ असे कोणी म्हणत नाही. पेठ वसवली जाते, मंडई बसते, जत्रा भरते. भाषेने शतकांच्या अनुभवातून केलेला हा भेद नगरपालिकांच्या बांधकाम विभागांना मात्र अद्याप उमगलेला दिसत नाही. कोणत्याही जिल्ह्याच्या वा तालुक्याच्या गावी जावे, तेथे एखादे व्यापारी संकुल हमखास उभे असते. रस्त्याकडेचे पाच-सहा गाळे उघडे, मागच्या बाजूचे बहुतेक बंद आणि वरच्या मजल्यावरच्या शटरांना गंज चढलेला, असे त्याचे ठरलेले रूप असते. आता या संकुलांचा नवा अवतार खाद्यपदार्थांच्या दालनांच्या रूपाने अवतरत आहे. वर उंच छत, खाली गुळगुळीत फरशी, एकाच रंगाच्या पाट्या, मधोमध टेबल-खुर्च्या आणि चहूकडे झगझगीत दिवे. उणीव एकच, पण ती मोठी आहे. वीस गाळ्यांपैकी चार-पाच उघडे असतात, आणि त्यांतही गिऱ्हाइकापेक्षा गिऱ्हाइकाची वाट पाहणारेच अधिक असतात. बाहेर पन्नास पावलांवर हातगाडीभोवती मात्र उभे राहायला जागा नसते.

हा विषय वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु सार्वजनिक पैसा कसा खर्च होतो आणि लहान माणसाच्या उदरनिर्वाहाचा विचार राज्यकर्ते कोणत्या पद्धतीने करतात, याचा तो उत्तम नमुना आहे. बीड जिल्ह्याला तर त्याचा विचार आजच करणे अगत्याचे आहे. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०२३ मध्ये देशातील १०० जिल्ह्यांत १०० स्वच्छ ‘खाद्यपथ’ विकसित करण्याची योजना जाहीर केली आणि प्रत्येकासाठी १ कोटी रुपयांच्या साहाय्याची तरतूद केली. राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये महिला बचत गटांच्या मालासाठी पहिल्या टप्प्यात १० जिल्ह्यांत ‘उमेद मॉल’ उभारण्यास मान्यता दिली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, बीड-अहिल्यानगर रेल्वेसेवा सुरू झाली. डिसेंबरात नगरपरिषदांच्या निवडणुका होऊन प्रशासकांच्या प्रदीर्घ राजवटीनंतर नवे लोकनियुक्त सभासद कारभारात आले. रेल्वे आली की स्थानकाच्या रस्त्याला जागेचे भाव चढतात. नवे सभासद आले की त्यांना काहीतरी बांधून दाखवावेसे वाटते. यात गैर काही नाही. पण बांधण्यापूर्वी बाजार म्हणजे काय याचा विचार होणार की नाही, एवढाच प्रश्न आहे.

प्रथम दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकले पाहिजे. रस्त्यावरच्या खाण्याविषयी सुशिक्षितांची तक्रार निराधार नाही. उघड्यावर ठेवलेली भजी, एकाच बादलीत दिवसभर विसळल्या जाणाऱ्या बशा, गटारीला लागून उभी असलेली गाडी आणि तिच्यामुळे तुंबलेला रस्ता, हे सारे रोज दिसते. शाळा सुटल्यावर विद्यार्थी ज्या गाडीवर झुंबड करतात तेथले पाणी कोणते, हे शिक्षकाने विचारणे रास्तच आहे. तेव्हा खाद्यविक्रेत्यांना छत, नळ, मोरी आणि दिवा मिळावा, रस्ता मोकळा व्हावा, ही मागणी योग्य आहे. वाद उद्दिष्टाबद्दल नाही. वाद आहे तो क्रमाबद्दल. विक्रेता कोण, गिऱ्हाईक कोण, ते केव्हा येते, त्याच्या खिशात किती पैसे असतात, हे आधी पाहावयाचे आणि मग इमारतीचा नकाशा काढावयाचा, हा सरळ क्रम होय. प्रत्यक्षात नकाशा आधी निघतो, निविदा निघते, उद्घाटन होते, आणि मग विक्रेत्यांचा शोध सुरू होतो.

खाण्याच्या बाजाराचा एक स्वभाव आहे. माणूस एकट्या दुकानाकडे जात नाही, तो गजबजाटाकडे जातो. दहा गाड्या एका रांगेत असल्या की मुलाला भेळ, बायकोला पाणीपुरी आणि स्वतःला मिसळ असे जमते. कुटुंबच्या कुटुंब तेथे वळते. त्यांतील सहा बंद झाल्या तर उरलेल्या चारांचे गिऱ्हाईक चारांपुरते उरत नाही, ते त्याहूनही घटते; कारण ज्या रेलचेलीसाठी लोक येत होते तीच नाहीशी झालेली असते. मग चारांतील एक कंटाळून शटर ओढतो आणि उतार अधिक तीव्र होतो. बंद गाळा म्हणजे केवळ न मिळालेले भाडे नव्हे, तर शेजारच्या उघड्या गाळ्यावर रोज बसणारा दंड होय. त्यातून खाद्यपदार्थ हा नाशवंत माल. कापडवाल्याचा न खपलेला तागा उद्या खपतो. न खपलेली खिचडी रात्री टाकूनच द्यावी लागते. म्हणून खाद्यविक्रेता वाट पाहू शकत नाही. ‘हळूहळू जम बसेल’ हा उपदेश त्याला करणे म्हणजे त्याचे भांडवल उघड्या डोळ्यांनी संपू देणे होय.

हिशेब साधा आहे, पण तो मांडला जात नाही. समजा, गाळ्याचे भाडे महिना ६,००० रुपये आणि वीज व साफसफाई यांचे १,५०० रुपये धरले, तर दिवसाला २५० रुपये पडतात. तीस रुपयांच्या बशीमागे सारा खर्च वजा जाता आठ रुपये सुटतात असे मानले, तर केवळ जागेचा खर्च भागविण्यासाठी रोज एकतीस-बत्तीस बशा विकल्या गेल्या पाहिजेत. त्यानंतर विकलेल्या बशीपासून त्याची स्वतःची मजुरी सुरू होते. शिवाय अनामत रक्कम वेगळी, आणि लिलावात गाळा घेतला असेल तर चढाओढीत बोललेली रक्कम वेगळीच. हातगाडीवाला दिवसाकाठी थोडीशी बाजारफी भरतो, आणि ज्या दिवशी गाडी लावत नाही त्या दिवशी तीही भरत नाही. त्याच्या धंद्याचे बळ या लवचिकपणात आहे. महिन्याचे ठरीव भाडे हे ठरीव पगारदाराला परवडते; ज्याची मिळकत पावसाप्रमाणे कमीजास्त होते त्याला ते पेलत नाही.

आणि मिळकत पावसाप्रमाणे कमीजास्त होणे म्हणजे काय, हे बीडइतके दुसऱ्या जिल्ह्याला क्वचितच ठाऊक असेल. बालाघाटच्या डोंगररांगांवरील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे बैलगाड्यांनी, ट्रॅक्टरांनी गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. म्हणजे वर्षातील जवळजवळ अर्धा काळ या गावांचे गिऱ्हाईकच गावात नसते. उरलेल्या काळात ते आठवडी बाजाराला येते. मजुरीचा चुकारा, शेळी-कोंबडीची विक्री, तेलमिठाची खरेदी आणि मुलांसाठी कागदात बांधून घेतलेली गोडीशेव-रेवडी हे सारे त्या एका दिवसात उरकते. म्हणून येथला विक्रेताही फिरता आहे. तो आज एका गावच्या बाजारात पाल मारतो, उद्या दुसऱ्या. परळी वैजनाथाला श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला लोटणारी गर्दी वर्षभर टिकत नाही. सणाची, सुगीची आणि आठवड्याची अशी ही भरती-ओहोटी ज्या अर्थव्यवस्थेचा प्राण आहे, तिच्यावर मोठ्या शहराच्या मध्यवस्तीतील नोकरदारांसाठी आखलेले दालन जसेच्या तसे उतरवणे हे अडाणीपणाचे होईल. मोठ्या शहरांतही कचेऱ्या अन्यत्र गेल्या वा लोक घरून काम करू लागले की अशी दालने ओस पडतात, हा कोविडनंतरचा अनेक देशांचा अनुभव आहे. मग जेथे दुपारच्या जेवणाला घरून बांधून आणलेली भाकरीच सोडली जाते, तेथील स्थिती सांगावयास नको.

महाराष्ट्राच्या गाठी या बाबतीत अनुभव कमी नाही. पुण्याची मंडई पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरत असे. १८८६ च्या सुमारास नगरपालिकेने मोठ्या खर्चाने तिच्यासाठी इमारत उभारली आणि गव्हर्नर रे यांचे नाव तिला दिले. महात्मा फुले नगरपालिकेचे सभासद असताना या खर्चाला विरोध करणाऱ्यांत होते. लोकांच्या पैशावर शिक्षणाचा हक्क आधी आहे अशी त्यांची धारणा होती. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला फुल्यांचे नाव मिळाले, हा इतिहासाचा गमतीदार न्याय. ती मंडई टिकली, गजबजली, याचे कारण तिचा मनोरा नव्हे. भाजीबाजार आधीच अस्तित्वात होता, तो शहराच्या दाट वस्तीतच राहिला, आणि भाजी ही घरोघरी रोज लागणारी वस्तू होती. भरलेल्या बाजाराला तेथे छप्पर मिळाले. छप्पर आधी घालून त्याखाली बाजार भरण्याची वाट पाहिली गेली नव्हती. आणि फुल्यांचा मूळ प्रश्न, या पैशाला अधिक निकडीचा दुसरा मार्ग आहे काय, हा आजही प्रत्येक निविदेला विचारण्यासारखा आहे.

दुसरा अनुभव अलीकडचा आहे. १९९५ मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे सुरू केली. बसस्थानके, इस्पितळे, कचेऱ्या अशा मोक्याच्या जागी त्यांचे गाळे उभे राहिले. गरिबाच्या पोटाला आधार देण्याचा हेतू चांगला होता. पण एक रुपयाची भाकर अनुदानावर उभी होती. पुढे अनुदान गेले, झुणका गेला, भाकर गेली, आणि गाळे तेवढे उरले. मोक्याच्या जागांवर मग वडे, चहा, थंड पेये आणि तंटे सुरू झाले. २६ जानेवारी २०२० पासून सुरू झालेल्या शिवभोजन योजनेने यातून काही धडा घेतलेला दिसतो. तेथे इमारत बांधण्याऐवजी चालू खानावळी, उपाहारगृहे आणि महिला बचत गट यांनाच केंद्र देण्यात आले, आणि सरकारने थाळीमागे पैसे देण्याचे ठरविले. दहा रुपये गिऱ्हाइकाचे, उरलेले शासनाचे. भिंतीऐवजी जेवणासाठी पैसे मोजण्याची ही पद्धत तत्त्वतः अधिक शहाणपणाची होय. अनुदान वेळेवर मिळत नाही अशा केंद्रचालकांच्या तक्रारी पुढे वारंवार आल्या, तेव्हा दुखणे पद्धतीचे नसून तिजोरीच्या शिस्तीचे होते.

या चर्चेत सिंगापूरचे उदाहरण हटकून दिले जाते. ते अर्धवट दिले जाऊ नये. तेथील सरकारने १९६० च्या दशकाच्या अखेरीस प्रथम रस्त्यावरील विक्रेत्यांची नोंदणी केली. नंतर १९७१ ते १९८६ या काळात त्यांच्यासाठी केंद्रे बांधली आणि सर्व विक्रेत्यांना टप्प्याटप्प्याने तेथे नेले. ती केंद्रे सरकारी घरकुलांच्या वसाहतींत, लोकांच्या दाराशी होती, आणि जुन्या विक्रेत्यांना भाडे सवलतीचे होते. २०२० मध्ये युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. परंतु त्याच सिंगापुरात २०१८ मध्ये नव्या धर्तीच्या काही केंद्रांवर मोठे वादंग माजले. साफसफाई, बशा धुणे आणि अन्य सेवांची आकारणी भाड्यावर चढत गेल्याने विक्रेते त्रासले होते. शिस्तीसाठी नावाजलेल्या देशातही हिशेब चुकला की गाळे रिकामे होतात. यशाचे रहस्य नोंदणी, जवळीक, स्वस्त भाडे आणि सर्वांचे एकत्र स्थलांतर या चार गोष्टींत होते. त्यांतील एकही न उचलता फक्त टेबल-खुर्च्या उचलणे म्हणजे नकलेचीही नक्कल होय.

भारतीय कायद्यानेही याच दिशेचा मार्ग आखून ठेवला आहे. रस्त्यावर व्यवसाय करणे हा, वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून, नागरिकाचा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सोदानसिंग खटल्यात मानले. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती सांगितली. तिच्यात किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असे बंधन घातले. दर पाच वर्षांनी विक्रेत्यांची पाहणी व्हावी, जेथे गिऱ्हाईक आणि विक्रेता परंपरेने एकत्र येतात ते ‘नैसर्गिक बाजार’ राखले जावेत, आणि स्थलांतर शक्य तो टाळावे, असे हा कायदा म्हणतो. ‘नैसर्गिक बाजार’ हा शब्द कायद्याच्या रुक्ष भाषेतला असला तरी त्यात मोठा अर्थ आहे. बीडचे बशीरगंज, सुभाष रस्ता, माळीवेस किंवा कोणत्याही गावचा मोंढा येथे माणसे उगाच जमत नाहीत. शेतकरी आडतीवर माल घालतो, पट्टी घेतो आणि मग चहा पितो. रुग्णाला अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल करून बाहेर आलेला नातेवाईक फाटकाजवळच खायला शोधतो. कोर्टाची तारीख पुढे ढकलली गेलेला पक्षकार एस. टी.च्या वाटेवर असलेल्या गाडीवरच थांबतो. या वाटा सोडून अर्धा कोस आडबाजूला सोन्याचे दालन बांधले तरी तेथे वाकडी वाट करून कोणी येणार नाही.

सर्वांत अधिक काळजी वाटते ती बचत गटांच्या स्त्रियांची. धपाटे, सुशीला, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीची कडक भाकरी, हंगामात सीताफळाचा गर, हे त्यांच्या हातचे पदार्थ कोणत्याही उपाहारगृहाला लाजवतील. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात जिल्ह्याजिल्ह्यांच्या गटांच्या खाद्यदालनांपुढे रांगा लागतात. पण त्या काही दिवसांच्या उत्साहावरून बारमाही दालनाचे गणित मांडणे धोक्याचे आहे. प्रदर्शन ही जत्रा आहे. गाळा हा संसार आहे. घर, शेत आणि मुले सांभाळून गटातील स्त्रीने सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत गाळ्यावर बसावे, ही अपेक्षाच पुरुषी नियोजनाची आहे. तिने कर्ज काढून गाळा घ्यायचा, गिऱ्हाईक न आल्याने तो बंद करायचा, आणि नंतर ‘महिलांना संधी दिली, पण त्यांनी तिचे चीज केले नाही’ असा अहवाल लिहिला जायचा. संस्थेचे अपयश व्यक्तीच्या माथी मारण्याचा हा प्रकार थांबला पाहिजे. कर्जाचा हप्ता इमारतीला फेडावा लागत नाही, तिला फेडावा लागतो.

मग करावे तरी काय? उत्तर फार खर्चिक नाही. इमारतीच्या आधी मोजणी झाली पाहिजे. कोणत्या रस्त्यावर, कोणत्या वेळी, किती गाड्या उभ्या असतात आणि त्यांच्यापुढे किती माणसे थांबतात, हे आठवडाभर मोजले तरी नकाशा आपोआप उमटेल. महाविद्यालयातील अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून हे काम उत्तम होईल आणि त्यांचे शिक्षणही होईल. जेथे बाजार भरतो तेथेच नळ, मोरी, दिवा, कचऱ्याची पेटी आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह द्यावे. स्वच्छतेचा मोठा भाग पाण्याचा प्रश्न आहे. ज्या शहरात घरांनाच दिवसाआड पाणी मिळणे दुरापास्त असते तेथे गाडीवाल्याला अस्वच्छतेबद्दल दंड करणे सोपे आणि पाणी देणे अवघड, म्हणून दंडच केला जातो. दालन बांधणे अपरिहार्यच असेल तर ते चालत्या वाटेवर असावे, लहान असावे, आणि तेथे त्या रस्त्यावरचे सर्व नोंदलेले विक्रेते एकाच दिवशी जावेत. निम्मे आत आणि निम्मे बाहेर राहिले, तर आतले मरतात आणि पुन्हा बाहेर येतात.

भाड्याबाबत तर मराठी मुलखाला बाहेरून काही शिकण्याची गरज नाही. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्या रयतेला पूर्वी इस्ताव्याचा कौल मिळे. पहिल्या वर्षी नाममात्र सारा, पुढे पीक वाढेल तसा क्रमाक्रमाने चढता. नवी पेठ वसविताना व्यापाऱ्यांनाही काही वर्षांची करमाफी देत. नवा बाजार ही पडीक जमीनच असते, हे त्या राज्यकर्त्यांना कळत होते. आज मात्र पहिल्याच दिवशी लिलाव पुकारून सर्वाधिक बोलीला गाळा दिला जातो. परिणामी तो खऱ्या विक्रेत्याला न मिळता गुंतवणूकदाराला मिळतो, आणि तो भाव वाढेपर्यंत कुलूप लावून स्वस्थ बसतो. तेव्हा गाळा नोंदलेल्या विक्रेत्यालाच द्यावा, भाडे दिवसाच्या हिशेबाने घ्यावे, पहिली दोन वर्षे ते नाममात्र असावे, ऊसतोडीच्या हंगामात वा दुष्काळात सूट असावी, आणि सलग काही महिने बंद राहिलेला गाळा पुढच्या विक्रेत्याकडे जावा. प्रधानमंत्री स्वनिधी योजनेतून मिळणारे कर्ज, २०२५ च्या फेररचनेनंतर पहिल्या हप्त्याचे १५,००० रुपये, तव्याला, शेगडीला, किराण्याला लागावे. अनामतीत गोठून राहू नये.

शेवटची गोष्ट हिशेबाची. दालनाचे उद्घाटन झाले की त्याचे छायाचित्र प्रसिद्ध होते. वर्षाने त्यातील किती गाळे उघडे आहेत हे प्रसिद्ध होत नाही. नगरपरिषदेने आपल्या प्रत्येक संकुलातील बांधलेले, दिलेले आणि प्रत्यक्ष चालू असलेले गाळे यांचा तक्ता दरवर्षी अर्थसंकल्पासोबत सभागृहापुढे ठेवावा. एवढ्या एका नियमाने पुढची कित्येक अनावश्यक उद्घाटने टळतील. नव्या सभासदांनी नवा प्रस्ताव मांडण्यापूर्वी जुन्या संकुलांच्या बंद शटरांपुढून एकदा चालत जावे. तेथील गंज हा जनतेच्या पैशाला चढलेला आहे. आणि त्याच रस्त्यावर संध्याकाळी कंदील लावून उभी असलेली गाडी, जिला शासनाने छत दिले नाही, पाणी दिले नाही, पावती मात्र न चुकता दिली, ती शंभर माणसांना खाऊ घालते आहे. बाजार कसा चालतो हे शिकायचे असेल तर गुरू तेथे उभा आहे. त्याला हुसकावण्याआधी निदान विचारून तरी पाहावे.